मल्लू, तुझ्या होडीचे पडदे

मल्लू, कुऱ्हाडीला धार लावून आणलीय. उद्या सकाळी कारंजा धरणाच्या काठावर जाऊन मी तुझी होडी फोडणार आहे. कधी ते फक्त तुला सांगतेय, बाकीच्यांना नंतर कळेल. तू असतास तर माझ्या हातातून कुऱ्हाड हिसकावली असतीस, मी तुझ्या मनगटाला कडकडून चावले असते आणि केस पांढरे झालेले आपण दोघं बहीण-भाऊ अंगणात एकमेकांच्या उरावर बसलो असतो. आपल्या निर्णा गावातल्या लोकांना त्याचं नवल राहिलं नव्हतं. आपला आवाज चढला की समोरची सुगलाबाई आधी वाळत घातलेले पापड उचलायची, कारण आपण हाताला लागेल ते फेकतो हे तिला ठाऊक होतं.

आता दारात माणसं येऊन बसतात आणि मला सांगतात, मल्लिकार्जुन किती शांत होता. शांत? मेल्यावर माणसाला धुऊन-पुसून ठेवायची रीत आहे, ती अंगापुरती ठीक. स्वभावसुद्धा धुऊन काढायला लागले की माझं डोकं फिरतं. काल एकाला मी अर्ध्या चहावरून उठवलं. "माझा भाऊ शांत नव्हता," म्हणलं, "त्यो तापट होता, हेकट होता, आन् माझ्यापरास दुप्पट भांडखोर होता. तुमचा दुसरा कुणी गेला असंल, तिकडं जाऊन रडा." तो बिचारा चप्पल शोधत निघून गेला.

भांडायला आपण शिकलो ते अप्पाच्या चाबकाखाली. आपल्या आईची, अव्वाची, भाकरी मळायची काठवट तू विहिरीत सोडलीस, तिच्यात मांजराचं पिल्लू बसवलंस आणि तुराटीला अव्वाच्या चोळीचा खण बांधून शीड उभं केलंस. शिडाची होडी तू कुठं पाहिली होतीस कोण जाणे, आपल्या गावात तर पाणी बघायला विहिरीत वाकावं लागायचं. पिल्लू वाचलं, काठवट बुडाली. अप्पानं बैलांचा चाबूक काढला. पहिले फटके तू मुकाट खाल्लेस, मग तूच अप्पाच्या अंगावर धावून गेलास आणि मी अप्पाच्या दंडात दात रोवले. तिघांचंही रक्त निघालं. अव्वा दारात उभी राहून म्हणाली, "मरा सगळे. पर भाकर कशात मळू त्ये सांगून मरा." आपल्या घरात 'मर' हा शब्द असाच, दुसऱ्या घरात 'जेवलास का' म्हणतात तसा, येता-जाता वापरायचे.

मिसरूड फुटलं आणि तू गोव्याला पळालास. तिथं होड्या बांधायच्या कारखान्यात सुतार झालास, तिथून आखातात गेलास. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या होड्या बांधून तू परत आलास तेव्हा मला वाटलं, आता हा घरात राहील. मी तोवर नवरा वारल्यावर माहेरी येऊन हुमनाबादला पडद्यांचं दुकान टाकलं होतं. तुझ्यासाठी पुढची खोली रंगवून घेतली. तू त्या खोलीत जेमतेम आठवडाभर झोपलास आणि तुरीच्या शेताच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड मारलंस. मला वाटलं, वेगळं घर बांधतोय की काय. गावाला वाटलं, सोयाबीनचं गोदाम होणार. लाकडाच्या फासळ्या उभ्या राहिल्या तेव्हा आपला चुलतभाऊ शरणू बघून आला आणि मला म्हणाला, "अक्का, मल्लूनं म्हशीचा सांगाडा उलटा करून ठिवलाय बघ."

ती होडी होती. शिडाची, आणि वर झोपायला खोली असलेली. आत उभं राहता येत नव्हतं, वाकून शिरायचं. दोन बाजूंना झोपायच्या दोन फळ्या, एक शेगडी, आणि दोन्ही भिंतींना लांबट खिडक्या. काच नव्हे, काचेसारखं जाड प्लास्टिक. खिडक्या पाहिल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणलं, चला, या सगळ्या लाकूडकामात माझ्या हाताचंही काहीतरी लागेल.

"पडदे मी शिवते," म्हणले.

"नको."

"कामून नको? उन्हाळ्यात कारंजावर भाजून निघशील. काठावरनं येणारं-जाणारं आत डोकावंल त्ये येगळंच."

"खिडकीला पडदा लागला की त्ये घर होतंय, अक्का. मला घर न्हाई करायचं."

"मग काय करायलास? थडगं?"

तू हातातली पॉलिश-कागदाची गुंडाळी माझ्या तोंडावर फेकलीस. मी रंध्याच्या भुशाची ओंजळ तुझ्या डोळ्यांत टाकली. मग डोळे धुता धुता तूच म्हणालास, "लाव. पर वाकडंतिकडं झालं तर पाण्यात टाकीन." वाकडं? मी? हुमनाबादेत पडद्याचा ओळंबा माझ्याइतका सरळ कुणाचा पडत नाही.

निळ्या जाड सुती कापडावर पांढरी फुलं. वर पितळी दांडी, कड्या, खाली चार बोटं दुमड. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा उडू नये म्हणून मी दुमडीत मूठमूठ ज्वारी भरून शिवते, ते तुला माहीत होतं. वाळू भरली तर धुताना कापड झिजतं. गावातल्या निम्म्या घरांत माझ्या पडद्यांत ज्वारी आहे आणि कुणाची तक्रार नाही. होडी शेडमध्ये लाकडी घोड्यांवर उभी होती. मी आत वाकून माप घेतलं, पडदे लावले, लांबून पाहिले. एकही सुरकुती नव्हती. तू एकदा बघून पुन्हा रंध्याला लागलास. काढून फेकले नाहीस, म्हणजे पसंती असं मी समजले.

शरणूच्या ट्रॅक्टरवर होडी कारंजाला नेली. तिथला मच्छीमार यल्लप्पा, ज्याच्या जाळ्यांशेजारी तू होडी दोरानं बांधून ठेवायला जागा मागितली होतीस, तो आणि मी, दोघांना तू पहिल्यांदा पाण्यावर नेलंस. यल्लप्पा बाहेर तुझ्याजवळ बसला, मी आत शेगडीवर चहा ठेवला. वारा शिडात भरला आणि होडी एका अंगावर कलली. ज्या अंगाला कलली तिकडचे पडदे भिंतीला घट्ट चिकटले, आणि वरच्या अंगाचे पडदे भिंत सोडून खोलीच्या मधोमध येऊन लोंबायला लागले. एक सरळ माझ्या तोंडावर बसला. त्याच्या दुमडीतली ज्वारी माझ्या दातांवर आदळली. चहा माझ्या पायांवर सांडला.

"अक्का, पडदे धर!" तू बाहेरून बोंबललास.

"कामून धरू? पडदे सरळच हायत! तुझी होडी वाकडी झालीय!"

तू शिडाची दोरी सोडून दिलीस आणि हसायला लागलास. यल्लप्पा घाबरून देवाचं नाव घेत होता, होडी आपलीच आपण नाक फिरवून उभी राहिली, आणि तू पोट धरून हसत होतास. मी बाहेर येऊन तुझ्या पाठीत गुद्दे घातले, कारण मला खरंच वाटलं होतं की आपण मरतोय. तुझ्या त्या हसण्यासाठी आज मी काय देईन ते विचारू नकोस. पण तेव्हा मी तुला बडवलं, ते बरंच केलं. तुला ते पाहिजेच होतं.

मग तुझं भाषण सुरू झालं. होडीत पडद्याला वर आणि खाली, दोन्हीकडं दांडी लागते. नाहीतर शिडाच्याच कापडाचे तुकडे कापायचे, कडेला टिचबटणं मारायची आणि ऊन आलं की खिडकीवर चापून बसवायचे. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पडदा हलला पाहिजे. वारा आला की फुगला पाहिजे, गेला की बसला पाहिजे, त्यावरून घरात वारा कुठून येतो ते कळतं. दोन दांड्यांत ताणून धरलेलं कापड म्हणजे पडदा नव्हे, ती मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी. हे मी तुला तोंडावर सांगितलं. तू म्हणालास, "वारा कुठनं येतो त्ये बघायला माझं शीड हाय." तू होडीवरच राहायला लागलास. तिथून पुढं प्रत्येक भेटीत आपण त्यावरच भांडलो, बाकी विषयच उरले नाहीत.

पावसाळा सरत आला आणि तू एक दिवस दुकानात आलास. गिऱ्हाईक बसलं होतं, लग्नघरची बाई, मखमल बघत होती. तू एक ओला पडदा माझ्या मशीनवर आपटलास. होडीच्या खोलीत दमट हवा, भिंतींना आतून पाणी सुटतं, आणि त्या पाण्यानं दुमडीतली ज्वारी रुजली होती. शिवणीच्या टाक्यांमधून बोटबोट हिरवे कोंब बाहेर आले होते.

"अक्का, पीक आलंय," तू त्या बाईसमोर म्हणालास. "खुरपायला कवा येतीस?"

मी मोठी कात्री फेकली. ती तुझ्या कानाजवळून जाऊन मागच्या मखमलीच्या गठ्ठ्यात घुसली. तू कापड मोजायचा गज उचललास आणि डोक्यावरची ट्यूबलाइट फोडलीस. ती बाई चपला हातात घेऊन पळाली, परत आली नाही. मग दुकानात अंधार झाला आणि मला उसवायचं दिसेना, म्हणून तूच जाऊन नवी ट्यूब आणलीस, स्टुलावर चढून बसवलीस. मी दुमड उसवत गेले, तू कापड ताणून धरलंस. आपण दोघांनी मिळून पूर्वी कधी काम केलं होतं ते मला आठवेना. कोंबांचा सगळा चिखल शेवटी तू माझ्या केसांत पुसलास, ते सोड.

नंतर पडद्याऐवजी बांबूच्या काड्यांची चिक आणली, ती रात्रभर भिंतीवर खडखडते म्हणून तू पाण्यात फेकलीस, आणि यल्लप्पानं ती काढून घराला लावली. मागून रबर लावलेलं कापड आणलं, त्यावर काळी बुरशी चढली. ते कापड माझ्यापुढं नाचवत तू म्हणालास, "कापडालाबी रोग आणलास." मी म्हणले, "घरी कापड कोरडं ऱ्हातंय. घरी ये." तुला मारलेलं चालायचं, शिवी दिलेली चालायची. 'घरी ये' म्हटलं की तू शत्रू असल्यासारखा बघायचास.

शेवटच्या दिवशीही तेच झालं. मी होडीवर जेवण घेऊन आले होते, भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. बरोबर नवे पडदे, साधे, पांढरे, फुलं नसलेले. आकाश पश्चिमेकडं जखमेसारखं काळंनिळं झालं होतं आणि वारा पडला होता. चैत्रातलं असं आकाश आपल्याकडं काय घेऊन येतं ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी म्हणले, आज घरी चल. पडदे बघून तू पिसाळलास.

"आखातात किती वर्षं काढली मी, ठाव हाय? एका खोलीत माणसावर माणूस. वर-खाली लोखंडी खाटा. आन् हरेक खाटंला पडदा. कुणाची लुंगी, कुणाची चादर. त्याच्या आत शिरायचं आन् म्हणायचं, ह्ये माझं घर. शेजारचा रडायचा त्ये ऐकू यायचं, दिसायचं न्हाई. माझ्यावरच्या खाटंचा माणूस मेला तर त्याचा पडदा दोन दिस कुणी बाजूला सारला न्हाई! आन् तू माझ्या उरावर पडदे घेऊन यायलीस!"

तू ते पांढरे पडदे माझ्या हातातून ओढून टराटरा फाडलेस. इतकी वर्षं तू हे बोलला नव्हतास. मला आतून हलल्यासारखं झालं, आणि हललं की मला राग येतो, ते तुला ठाऊक आहे. मी डबा तुझ्या छातीवर फेकला. म्हणले, "आदी सांगता येत नव्हतं व्हय रे? मर हितंच!" तू म्हणालास, "तूबी मर, पर डबा ठिवून जा." मी डबा ठेवून गेले.

लोकांना वाटतं तो शब्द मला आता खातोय. नाही खात. तो शब्द आपल्या दोघांचा होता आणि तू तो मला परतही दिलास. मला खातं ते दुसरं. मला म्हणायचं होतं, मल्लू, घरातला प्रत्येक पडदा मी उद्या होळीत घालते, माझं दुकानही घालते, तू फक्त ये. हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते बोलायला जो गळा लागतो तो आपल्या घरात कुणाला मिळालाच नाही.

मग गारा आल्या. लिंबाएवढ्या. आपल्या पत्र्यावर असा मारा झाला की मी कानांवर हात दाबून चुलीशी बसले. आंब्याला फांदीवर कैरी राहिली नाही. सुगलाबाईची शेळी दावणीला बांधल्या जागी मेली. वाऱ्यानं शरणूचा गोठा उचलून बांधावर नेऊन आपटला. रात्रभर फोन बंद पडले होते, सकाळी यल्लप्पाचा फोन आला. म्हणाला, "अक्का, होडी हाय. माणूस न्हाई."

तू पाण्यातल्या बाभळींत अडकलेला सापडलास. यल्लप्पानं काठावरून सगळं पाहिलं होतं. तू खोलीत बसला असतास तर वाचला असतास, कारण डोलकाठीच्या जागचं भोक सोडलं तर खोलीला ओरखडासुद्धा आला नाही. पण शीड नीट बांधलेलं नव्हतं, वारा ते फाडत होता, आणि तू गारांच्या माऱ्यात बाहेर येऊन त्याला मिठी मारून बसलास. यल्लप्पा ओरडत होता, सोड, आत जा. तू सोडलं नाहीस. डोलकाठी बुडातून उपटली ती तुझ्या डोक्यात बसली. हे ऐकलं तेव्हा मी रडले नाही, यल्लप्पाला धरून गदागदा हलवलं. माझ्या हातचं वीतभर कापड तुला नको झालं होतं, आणि त्या शिडाच्या चिंधीसाठी तू जीव दिलास? उठ आणि उत्तर दे. कापडासाठीच मरायचं होतं तर माझ्या दुकानात मरायचंस.

दवाखान्यातून चिरफाड करून तुला आणलं तेव्हा गळ्यापासून बेंबीपर्यंत टाके होते, पोतं शिवावं तसे. सुई आणा, मी उसवून परत घालते म्हणून मी ओरडले, बायकांनी मला धरून ठेवलं. आणि तू ताठ झाला होतास. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. तू सरळ लाकूड होऊन पडला होतास. म्हातारी माणसं म्हणाली, दोघं जण गुडघ्यावर जोर द्या, एवढं-तेवढं मोडलं तरी आता त्याला काय कळतंय. मी विळी घेऊन उभी राहिले. म्हणले, "त्याच्या गुडघ्याला हात लावलात तर खड्डा एक न्हाई, चार खणावे लागतील."

मग मीच बसले. हंडाभर गरम पाणी, तेल, आणि तुझे पाय. चोळत होते आणि तुला शिव्या घालत होते. वाक की रे गाढवा. आयुष्यात माझ्यापुढं वाकला नाहीस, आता तरी वाक. शेवटी उजवा गुडघा हळूहळू सैल झाला, मग डावा. तुला आंघोळ घातली, कपाळभर विभूती लावली, विमानात, म्हणजे सजवलेल्या बसत्या तिरडीत, बसवून शेतात नेलं. तुझं शेड होतं त्याच कोपऱ्यात. घरात तू कधी घडीभर स्वस्थ बसला नाहीस, तुझी मांडी घातलेली मी पाहिली ती खड्ड्यात. माती ढकलली तेव्हा मी पहिली ढेकळं मुद्दाम जोरात मारली.

आता ती होडी. शरणू म्हणतो, विकून टाकू, पाण्यावर फिरवायला कुणीतरी घेईल. दुसरा म्हणतो, अपशकुनी आहे, पेटवून द्या. मी म्हणले, आपल्यात जाळत नाहीत. यल्लप्पा काही मागत नाही, पण रोज जाऊन आतलं पाणी उपसतो. सगळ्यांचं एकच, एवढं चांगलं काम, फोडायचं नाही.

शरणूला मी एकच विचारलं. माझा नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी मला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावलं होतं, मला माहेरी जाऊ देत नव्हते. तू सुट्टी टाकून आखातातून आलास. दारात उभा राहून एकदा सांगितलंस, दुसऱ्यांदा सांगितलं नाहीस. कुऱ्हाड घेतलीस आणि सागवानी दार चौकटीसकट खाली आणलंस. माझ्या दिराचा दात पडला, तुझं कपाळ फुटलं. माझं शिलाई मशीन खांद्यावर टाकून तू पुढं आणि मी मागं, असे आपण बसस्टँडवर आलो. रक्त पुसायला मी तुला पदर दिला तर म्हणालास, "नको, डाग पडंल." मी जिवंत आहे ती त्या कुऱ्हाडीमुळं. तेव्हा कुणी म्हणालं का, दार किती चांगलं होतं? शरणू उठून गेला.

इथपर्यंत काल लिहिलं. आज जाऊन आले.

यल्लप्पा काठावर होता. कुऱ्हाड बघून तो आडवा आला नाही, लांब जाऊन पाठ करून बसला. मी पहिला घाव खिडकीवर घातला. ते तुझं प्लास्टिक नुसतं दबलं आणि कुऱ्हाड उलटून माझ्याच कपाळापर्यंत आली. दुसरा घाव तसाच. तिसरा भिंतीवर, तर फक्त रंग निघाला. काय बांधून ठेवलं होतंस रे! मी घाव घालत होते, कुऱ्हाड उडत होती, आणि मी ओरडत होते, मेल्यावरपण ऐकत न्हाईस? हाताचे फोड फुटले, दांडा रक्तानं निसटायला लागला. एका फटक्यात पातं घसरून माझ्या नडगीला लागलं. मला बरं वाटलं. तू उलटून मारलंस असं वाटलं.

मग डोलकाठी जिथून उपटली होती, तिथं छताला पडलेलं भोक दिसलं. तिथं पातं घातलं आणि उचकटलं. छप्पर करकरलं. तिथून पुढं सगळं सोपं गेलं. छप्पर, मग खिडक्यांसकट एक भिंत, मग दुसरी. फळ्या मोडल्या, शेगडी लाथेनं पाण्यात घातली. फोडताना मी रडत होते ते मला यल्लप्पानं सांगितल्यावर कळलं. तुझी खोली गेली तेव्हा खाली नुसती उघडी होडी उरली, धडधाकट, पाणी न घेणारी. तिच्यावर माझा राग नव्हता. मी यल्लप्पाला म्हणले, "घिऊन जा. जाळं टाकायला हुईल." त्यानं होडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मला पाणी प्यायला दिलं.

मल्लू, पाण्यावरचं तुझं घर मी मोडून आले आहे. आता दुसरीकडं जायला तुला जागा नाही. नडगीला फडकं बांधलं आणि आल्याबरोबर मशीनवर बसले. घरातल्या तुझ्या पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा शिवलाय. वर दांडी, खाली मोकळा, दुमडीत मूठभर ज्वारी, आणि रंग तुला मुळीच आवडणार नाही असा. आत्ताच लावला. नको असेल तर घरी ये, आणि तुझ्या हातानं फाड.